पाटीला पत्ता असतो

त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. जमीन इतकी टणक झाली होती की यार्ड साइनचे, म्हणजे घरापुढे खोचायच्या प्रचाराच्या पाटीचे, तारेचे दोन पाय मातीत शिरेनात. टाचेने दाबून पाहिलं, तर तारच वाकली. शेवटी स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बत्ता आणला आणि कमला हॅरिस यांच्या नावाची पाटी दारापुढच्या शेवंतीच्या वाफ्यात ठोकून बसवली. सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. दारात उभ्या राहून बघत होत्या. "आपल्यातलं कोणी उभं राहिलंय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग लावायचे पैसे देतात का?" उलट मीच पैसे भरून मागवलीय म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातला बत्ता काढून घेतला आणि धुवायला आत नेला.

नवऱ्याने येता-जाता पाटी तीनदा बघितली आणि "कशाला उगीच?" एवढंच म्हणाला. परदेशातल्या मराठी माणसाचं निम्मं राजकीय तत्त्वज्ञान या दोन शब्दांत मावतं. मत द्यावं, पण गुपचूप. कामावर किंवा मुलांच्या शाळेत विषय निघालाच तर हवापाण्याकडे वळवावा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा तर नियमच आहे, राजकारण नको. २०२४च्या नोव्हेंबरात ५ तारखेला इथलं मतदान होतं आणि २० तारखेला महाराष्ट्राच्या विधानसभेचं, त्यामुळे तो नियम महिनाभर कुणी पाळला नाही. पण गंमत बघा, दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी यांवर रात्री बारापर्यंत हमरीतुमरीवर येणारे लोक इथला विषय निघाला की चिडीचूप. तिकडचं भांडण म्हणजे क्रिकेट. इथल्या भांडणात दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना त्याच माणसाशी नजरानजर होणार असते.

हे सगळं आता काढायचं कारण असं की आमच्या टाउनहाउसच्या वसाहतीत घरमालकांच्या असोसिएशनच्या बोर्डापुढे एक ठराव आलाय. यापुढे घराबाहेर किंवा खिडकीत निवडणुकीची, मतप्रदर्शनाची कसलीही पाटी लावायची नाही. 'घर विकणे आहे' चालेल, अलार्म कंपनीची पाटी चालेल. कारण दिलंय शेजारधर्माचं. पाट्यांमुळे माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, कुत्रं फिरवायचे रस्ते बदलले, दोन घरांपुढच्या पाट्या रात्रीतून नाहीशा झाल्या. यातलं काहीही खोटं नाही. आमच्या वसाहतीतल्या बहुतेक मराठी घरांना हा ठराव पसंत आहे. मला तो चुकीचा वाटतो, आणि ज्यांना पसंत आहे त्यांच्याशीच मला बोलायचंय, म्हणून मराठीत लिहिते आहे.

सासूबाईंना त्या दिवशी नवल वाटलं होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. "आमच्याकडे कार्यकर्ते येऊन फाटकाला झेंडा बांधून जायचे," त्या म्हणाल्या. "आपल्याला विचारलंय कोणी?" मला वाटतं, फरक सगळा इथे आहे. महाराष्ट्रातला फ्लेक्स आठवा. वर एका नेत्याचं भलंमोठं तोंड, त्याखाली इच्छुकांचे पंचवीस-तीस चेहरे, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. ज्याच्या भिंतीवर तो टांगलाय, त्याचा त्यात कुठे मागमूस नाही. पुढारी बोलतो आणि रस्ता ऐकून घेतो. मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध महाराष्ट्रात १९९५चा कायदा आहे, बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना अनेकदा फैलावर घेतलंय, आणि ते योग्यच आहे. यार्ड साइनचं उलट. अठरा बाय चोवीस इंचांचं पन्हळी प्लास्टिक आणि खाली इंग्रजी एचच्या आकाराची तार. छापली पक्षाने, पण मागवली मी आणि ठोकली मी. इथे बोलतो तो घरात राहणारा माणूस. तेव्हा तिकडचे फ्लेक्स उतरवा म्हणणाऱ्या बाईने इकडच्या पाट्या राहू द्या म्हटलं, तर त्यात विसंगती काही नाही.

आणि पाट्यांचं आपल्याला वावडं आहे म्हणावं तर तेही नाही. पुण्यातली दारावरची पाटी बेल किती वेळा वाजवायची ते सांगते, फाटकासमोर गाडी लावलीत तर हवा सोडू असंही सांगते. घरातला माणूस मत कुणाला देतो, तेवढं सोडून सगळं सांगते.

या देशात घरापुढच्या पाटीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मिझुरी राज्यात सेंट लुईसजवळ लडू नावाचं सधन उपनगर आहे. १९९०च्या डिसेंबरात, आखाती युद्ध तोंडावर असताना, मार्गारेट गिलियो या बाईंनी आपल्या हिरवळीवर युद्धाला विरोध करणारी पाटी लावली. ती नाहीशी झाली. दुसरी लावली, ती कुणीतरी पाडली. त्या पोलिसांकडे तक्रार घेऊन गेल्या, तर पोलीस म्हणाले, बाई, अशी पाटी लावायलाच गावात मनाई आहे. मग खटला उभा राहिला. मधल्या काळात त्यांनी वरच्या मजल्याच्या खिडकीत टाइपाच्या कागदाएवढी पाटी लावली, 'आखातात शांतता हवी' अशा अर्थाची. गावाने नवा नियम करून तीही बसणार नाही अशी तजवीज केली. गावाचं म्हणणं होतं, पाट्यांच्या गर्दीने गाव विद्रूप दिसतं. सवलत मात्र आमच्यासारखीच, घर विकायच्या पाटीला. १९९४ साली नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी गिलियोबाईंच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या त्या निकालातला एक मुद्दा मला फार आवडतो. पाटीचा अर्थ ती कुठे लावली आहे यावर ठरतो. समाजवादाचा पुरस्कार कारखान्याच्या भिंतीवर चिकटवला तर एक अर्थ निघतो, आणि आलिशान बंगल्याच्या अंगणात उभा केला तर दुसराच. म्हणजे पाटीवरच्या अक्षरांइतकंच तिच्यामागचं घरही बोलत असतं.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी पानं उडवणाऱ्या माणसांनी शिकवलं.

२०२४ साली दिवाळी आणि हॅलोविन एकाच गुरुवारी आले, ३१ ऑक्टोबरला. सकाळी असोसिएशनने नेमलेली माणसं पाठीवर ब्लोअर बांधून आली. वाफ्यांत अडकलेली पानं काढायची म्हणून त्यांनी आमच्या ओळीतल्या सगळ्या पाट्या उपटून एका कडेला रचल्या, आणि काम झाल्यावर आपापल्या अंदाजाने परत खोचल्या. मी आत. एका कानात ऑफिसची मीटिंग, समोर चकलीचा सोऱ्या. पाटी लावून जेमतेम तीन दिवस झाले होते, बऱ्याच ओळखीच्यांनी ती पाहिलीही नव्हती. चारच्या सुमाराला फोन वाजायला लागला. ग्रुपवर कुणीतरी आमच्या दाराचा फोटो टाकला होता, खाली डोळे विस्फारलेला पिवळा चेहरा. पण खरे निरोप खाजगीत आले, दोन. एक बारा वर्षांपासूनच्या मैत्रिणीचा. "बघून बरं वाटलं गं. आम्हीही. पण बोलत नाही कुणाजवळ." दुसरा एका वहिनींचा. "धाडस केलंत हो! ह्यांना पण लावायची होती, मीच नको म्हटलं."

कसलं धाडस, म्हणून दार उघडलं, तर शेवंतीत डोनाल्ड ट्रम्प.

ही पाटी दोन दारं पलीकडच्या काकांची. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले आहेत, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव फायरवाले काका. मी त्यांच्या घराकडे निघायच्या आत तेच आमची पाटी काखेत मारून येताना दिसले. "ही तुमची असावी," म्हणाले. "माझ्या बायकोला घाम फुटलाय." अदलाबदल झाली. मी चकल्या दिल्या, त्यांनी त्या पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात टाकल्या. यानंतर आमची मैत्री झाली वगैरे काही समजू नका. ते पूर्वी लांबून हात करायचे, अजूनही लांबूनच करतात.

मी घरात येऊन दोन्ही निरोपांना उत्तर लिहिलं, ती पाटी आमची नाही, चुकून लागली. वहिनींचा एक हसरा चेहरा आला. मैत्रिणीकडून रात्रीपर्यंत काही नाही.

त्या रात्री मला पाटीचं हसू आलं नाही, बारा वर्षांचं वाईट वाटलं. या मैत्रिणीबरोबर आम्ही बारा गणपती बसवले, आजारपणं काढली, मुलांना पोहायला नेऊन सोडण्याच्या पाळ्या लावल्या. आणि एवढी मोठी गोष्ट तिला माझ्यापासून लपवावीशी वाटली. 'राजकारण नको' या नियमाने मैत्री टिकली असं आम्ही समजत होतो. टिकलं होतं ते अज्ञान. जानेवारीत शेवटी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो आणि दोन तास कडाकडा भांडलो. तिचं म्हणणं ग्रीन कार्डाच्या रांगेवर होतं. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशासाठी साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. ती त्या रांगेत नियम पाळून उभी राहिली, आणि नियम मोडून आलेल्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, असं तिला वाटतं. मला ते पटलं नाही. तिला माझं पटलं नाही. पण न्यू जर्सीत २०२०मध्ये ट्रम्प साधारण सोळा टक्क्यांनी मागे होते आणि २०२४मध्ये सहाच टक्क्यांनी, हे ऐकून मी जी तोंडात बोटं घातली होती, ती घालायचं काही कारण नव्हतं. त्या फरकाची दोन घरं दरवर्षी माझ्याकडे फराळ करून जात होती.

आता भीतीचं बोलू, कारण ठरावाला पाठिंबा देणाऱ्यांची खरी अडचण ती आहे. मलाही भीती वाटते. काकांच्या पाटीवर नुसतं नाव होतं. पण २०२४च्या जुलैत ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या मिलवॉकीतल्या अधिवेशनात 'सामूहिक हद्दपारी, आत्ता' अशा अर्थाचे फलक हजारो हातांत नाचताना मी टीव्हीवर पाहिले होते, आणि काकांच्या पाटीवरच्या नावाखाली मला ती ओळ न लिहिता दिसायची. माझ्या हातात नागरिकत्वाचा कागद असला तरी दिसायची. काकांनी तो फलक धरला नव्हता, हे मला कळतं. माझ्या पाटीखाली त्यांना कुठली ओळ दिसत होती, ते मी कधी विचारलेलं नाही.

तरीही एक विचारते. आपल्याला इथे खरोखर धडकी भरवणाऱ्या गोष्टी कुठून आल्या? २०१७च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्याच एडिसनमध्ये शाळा मंडळाच्या निवडणुकीआधी घरोघरी टपालाने पत्रकं आली. चिनी आणि भारतीय आपलं गाव बळकावताहेत, क्रिकेटची मैदानं मागताहेत, अशी भाषा. फाल्गुनी पटेल आणि जेरी शी या उमेदवारांचे फोटो आणि त्यांवर 'हद्दपार करा'चा शिक्का. त्याच निवडणुकीच्या दिवसांत इथल्याच होबोकनमध्ये महापौरपदाचे शीख उमेदवार रवी भल्ला यांच्या फोटोची पत्रकं गाड्यांच्या काचांना अडकवलेली सापडली. दहशतवादाला आपलं गाव ताब्यात घेऊ देऊ नका, असं त्यांवर लिहिलेलं. पटेल, शी आणि भल्ला, तिघेही निवडून आले. पण मुद्दा तो नाही. त्या पत्रकांना खरा पत्ता नव्हता. जो माणूस तसलं काही स्वतःच्या दारात, स्वतःच्या नावाच्या टपालपेटीशेजारी लावायला धजत नाही, त्याला पाट्या बंद झाल्याने काय फरक पडणार? त्याला टपाल मोकळं, काच मोकळी, फॉरवर्ड तर फुकट. बंद पडतो तो फक्त दारात उभं राहून बोलणारा.

पाट्यांनी मतं फिरत नाहीत, मग त्यांचा उपयोग काय, असं आमच्या बैठकीत एकाने विचारलं. बरोबर आहे, फारशी फिरत नाहीत. कोलंबिया विद्यापीठातले डोनाल्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी चार निवडणुकांत प्रयोग केले, काही भागांत पाट्या लावल्या, काहींत नाही. सरासरी फरक निघाला १.७ टक्के गुणांचा. म्हणजे अगदी अटीतटीच्या लढतीतच कामी येईल एवढा. पण मी पाटी काकांचं मत फिरवायला लावलीच नव्हती. या ओळीत असंही एक घर आहे, एवढंच सांगायला लावली होती. चौथ्या घरातल्या कॉलेजच्या मुलीने एकदा चालता चालता थांबून पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढे गेली. तिच्या घरापुढे काही नव्हतं. तिला काय वाटलं असेल ते मला माहीत नाही. पण बंदी असती तर तिला थांबायलाच काही मिळालं नसतं.

या भूमिकेची किंमत मोजायची तयारी हवी, हेही कबूल करते. २०२१मध्ये, आमच्यापासून फार लांब नाही अशा रोझेल पार्कमध्ये, एका घराच्या कुंपणावर अध्यक्ष बायडेन यांना इंग्रजीतली सर्वांत घाणेरडी शिवी देणारे फलक लागले होते. जवळच शाळा. स्थानिक न्यायाधीशाने फलक उतरवायला सांगितले, नाही तर दिवसाला अडीचशे डॉलर दंड. नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू त्या घरमालकिणीच्या बाजूने उतरली आणि गावाने खटला मागे घेतला. मला ते फलक किळसवाणे वाटले होते. मुलीला गाडीतून नेताना मी तिला दुसऱ्या खिडकीतून काहीतरी दाखवलं असतं. पण उतरवायला लावायला नकोत, हेच माझं आजही मत आहे. घाण बोलणारा कोण आहे, तो कुठे राहतो, हे गावाला कळलं. त्याची शिक्षा गावाने आपापल्या परीने द्यावी, हाक मारणं बंद करून द्यावी. सरकारने नव्हे.

असोसिएशन म्हणजे सरकार नव्हे, हे बोर्डाचं उत्तर मला ठाऊक आहे. कायद्याने त्यात तथ्यही आहे. ईस्ट विंडसरमधल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीचं प्रकरण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २००७ साली निकाल वसाहतीच्या बाजूने लागला. प्रत्येक खिडकीत एक पाटी आणि घराला लागून असलेल्या वाफ्यात एक, एवढी मुभा त्या नियमात होती आणि न्यायालयाला ती वाजवी वाटली. पण पुढे पार्सिपनीत वासिम खान या गृहस्थांनी गावच्या कौन्सिलची निवडणूक लढवताना स्वतःच्याच दारात आणि खिडकीत स्वतःच्याच नावाच्या पाट्या लावल्या, आणि त्यांच्या वसाहतीने हरकत घेतली. नियम काय, तर 'घर विकणे आहे' सोडून सगळं बंद. २०१२ साली त्याच न्यायालयाने खानांच्या बाजूने निकाल दिला. मर्यादा घाला, पण सरसकट तोंड बांधू नका, असा त्याचा मथितार्थ. आमच्या बोर्डाने ठराव लिहिताना हे बघितलं असेल असं वाटत नाही.

मर्यादांना माझा विरोध नाही. एका घराला एकच पाटी ठेवा. आकार ठरवा. मतदानानंतर आठवड्याभरात काढायला लावा, कारण फेब्रुवारीतल्या बर्फात अर्धवट बुडालेली नोव्हेंबरातली पाटी बघणं ही जिंकलेल्यांनाही शिक्षाच असते. दुसऱ्याची पाटी चोरणाऱ्याला मात्र खरोखर दंड करा. तो आजवर कुणाला झालेला मी ऐकलेला नाही. पण माझ्या घराला अलार्म कोणी बसवला हे रस्त्याला सांगायची मुभा आहे आणि आत राहणारी बाई काय विचार करते ते सांगायची नाही, हा शेजारधर्म मला कळत नाही.

ठराव सध्या नियम समितीकडे आहे, म्हणजे लोंबकळतोय. २०२५च्या ऑक्टोबरात गव्हर्नरच्या निवडणुकीसाठी मी डेमोक्रॅट शेरिल यांची पाटी लावली, काकांनी रिपब्लिकन सियाटरेली यांची. पानं उडवणारी माणसं यायच्या आदल्या दिवशी मी मार्कर घेऊन पाटीच्या मागे घरनंबर लिहिला. जमीन या खेपेला मऊ होती, बत्ता लागला नाही. सासूबाईंनी फोनवर पाटीचा फोटो मागितला आणि विचारलं, यंदा किती पैसे घातलेस. मैत्रीण दिवाळीला आली, पाटीपाशी थांबली, मागची बाजू वाकून पाहिली आणि म्हणाली, "यंदा खरी आहे ना?" तिच्या दारात अजून अलार्म कंपनीचीच पाटी आहे.